डावा अंगठा

संमतीपत्रावर त्यानं डावा अंगठा उठवला,
उजवा हात बँडेजात होता.
मांडवीमागच्या फरसाणाच्या दुकानातला कारागीर.
कढई कलंडली, एवढंच म्हणाला,
आणि तेही कढईची बाजू घेत.

मांडीवरून काढलेल्या कातडीची
उरलेली चिंधी, नखाएवढी,
बर्फाच्या डब्यात घालून
मी रिक्षातून प्रयोगशाळेत आणली.
काळ्या घोड्याजवळच्या पुलावर गर्दी थांबली होती,
खाली विश्वामित्रीत कुणीतरी मगर दाखवत होतं.
मी पाहिली नाही. डबा मांडीवर धरून
मिनिटं मोजत होते.

आता तो सतरा नंबर.
नियमानं त्याला नाव नाही.
गुलाबी द्रवात, सदतीस अंशांत,
चातीसारख्या निमुळत्या मूलपेशी
एकमेकींना रेलून वाढतात.

त्यांच्या शेजारी खवळलेल्या टी-पेशी सोडल्या.
काही झालं नाही.
टी-पेशी दुप्पट झाल्या, चौपट झाल्या,
समोर शत्रू नसताना लढाई शोधत,
आणि सतरा नंबरच्या पेशी बसून राहिल्या,
पुढच्या खोलीत भांडण पेटलेलं असताना
मागे तांदूळ निवडणाऱ्या बाईसारख्या.

ही ओळ मी वहीत लिहिली होती.
गुप्तेबाईंनी लाल पेनानं खोडली.
उपमा नको, म्हणाल्या, आकडा लिही.

लिहिते.
इंटरफेरॉन गॅमा. थोडा टीएनएफ.
अठ्ठेचाळीस तास.
म्हणजे दाह नव्हे,
दाहाची फक्त खबर:
कुठेतरी जळतंय, एवढा निरोप.

तिसऱ्या दिवशी त्याच पेशी, तीच बाटली,
आणि टी-पेशींचं वाढणं खुंटलेलं.
मारलं नाही त्यांनी कुणाला.
समोरच्या ताटातलं एक अमिनो आम्ल,
ट्रिप्टोफॅन,
तेवढं गुपचूप मोडून टाकलं,
आणि उपाशी सैन्य जागच्या जागी बसलं.
नळीत अभिकारक घातला की पिवळं चढतं.
जितकं पिवळं, तितकी शांतता.
धर्मिष्ठा उजेडात नळी धरून म्हणते, हळदर!
तिला कुणी खोडत नाही.

पण एकदा खबर अर्धीच पोचवली,
थेंब कमी पडला,
आणि उलटंच झालं.
कोमट पेशींनी टी-पेशींना चिथवलं.
तीनदा करून पाहिलं. तीनदा तेच.

आणखी एक आहे, ते लिहायला जड जातं.
तापून शहाण्या झालेल्या पेशी
अंगावर ओळखीच्या खुणा उंच धरतात,
एरवी झाकून ठेवलेल्या.
परक्या देहात सोडल्या
तर आधी त्याच पकडल्या जातील.
शांत करायला गेलेल्या.
गुप्तेबाई हे वाचून काही बोलत नाहीत,
चष्मा पुसत बसतात.

हातमोज्यांनी माझ्या मनगटावर पुरळ उठतं.
रात्री दांडिया बाजारच्या घरात, झोपेत,
मी ते खाजवते.
म्हणजे माझ्याही कातडीखाली त्या असणार,
आणि त्यांना खबर पोचते आहे
किंवा पोचत नाही
किंवा अर्धीच.

मंगळवारी तो ड्रेसिंगला आला होता.
मी दुसऱ्याच कामासाठी वॉर्डात,
त्यानं ओळखलं.
‘बेन, पेली चामडी हजु जीवे छे?’

सांगायचं नसतं.
मी मान हलवली.
आठव्यांदा वाटून दिली आहे बाटल्यांत,
हे नाही सांगितलं,
किंवा तिला मीच रोज
आगीची अफवा पाजते, हेही.

तो त्या नव्या, गुळगुळीत, गुलाबी हाताकडे
परक्या पाहुण्याकडे बघावं तसा बघत राहिला.
मग डाव्या हातानं खिशातून पुडी काढली.
गाठिया. आज दुसऱ्यानं तळलेत, म्हणाला,
माझ्यासारखे नाहीत.

जिन्यात उघडली.
अजून कोमट होते.